जब्याचा धोंडा कोणाला लागला?

नागराज मंजुळेसाठी टाळ्या वाजवणारे लय झाले. शिव्या घालणारेही कमी नाहीत. पण एका गोष्टीवर दोघंही गप्प. 'फँड्री'च्या शेवटी जब्या धोंडा उचलतो आणि भिरकावतो. धोंडा सुटतो त्याला चिडवणाऱ्यावर, पण येतो सरळ कॅमेऱ्यावर, म्हणजे थेटरात बसलेल्या तुमच्या-माझ्या थोबाडावर. सिनेमा तिथंच खलास. १४ फेब्रुवारी २०१४ ला हा सिनेमा महाराष्ट्रात लागला. धोंडा सुटून दहा वर्षांच्या वर झाली. तो लागला कोणाला?

सदाशिवपेठी समीक्षक म्हणाले, आम्हाला लागला, आम्ही सुन्न झालो. सुन्न होणं ही त्यांची जुनी हौस आहे. 'बलुतं' वाचून सुन्न, ढसाळ वाचून सुन्न, फँड्री पाहून सुन्न, आणि घरी जाऊन पोरीसाठी स्थळ पाहायचं तर आपल्याच जातीचं वधूवर सूचक मंडळ. त्यांचं सोडा. आपण आपल्याबद्दल बोलू.

माणूस जातीचा वडार. वडाराचा धंदा दगड फोडायचा. गावाची विहीर, पाटलाचा वाडा, देवळाचा चौथरा, सडकेची गिट्टी, सगळ्याखाली वडाराचा घाम. आमच्या वडनेरावरून नागपूर-हैदराबादचा हायवे जातो, ४४ नंबरचा. मोटारी सुसाट पळतात. गिट्टी कोणी फोडली हे मैलाच्या दगडावर लिहिलेलं नसतं, आणि तो दगडही कोणीतरी घडवलेलाच असतो. सोलापूर जिल्ह्यातलं, करमाळा तालुक्यातलं जेऊर हे नागराजचं गाव, जन्म १९७७ चा. पुणे विद्यापीठातून मराठी घेऊन एम.ए. केलं, कविता लिहिल्या, 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा संग्रह काढला. मग अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकायला गेला. तिथं शिकता शिकता 'पिस्तुल्या' केली. पंधराएक मिनिटांची फिल्म, शाळेसाठी तरसणाऱ्या पारध्याच्या पोराची. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बापजाद्यांच्या हातात घण होता, याच्या हातात कॅमेरा आला. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण ते घडायला किती वेळ लागला ते पाहा.

१९३६ साल घ्या. बॉम्बे टॉकीजनं 'अछूत कन्या' काढला. अछूत पोरगी झाली कोण? देविका राणी, रवींद्रनाथ टागोरांच्या नात्यातली. सिनेमाच्या शेवटी ती पोरगी आगगाडीखाली मरते. त्याच साली गांधी आमच्या वर्धा जिल्ह्यात शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. आणि त्याच साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांचं अध्यक्षीय भाषण वाचून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते स्वतःच्या पैशानं छापलं. एका सालात तीन गोष्टी. पडद्यावर अछूत मेली तर देश डोळे पुसतो. आश्रमात अछूताचा हरिजन झाला तर देश हात जोडतो. अछूत स्वतः बोलायला उभा राहिला, तर मांडवच उखडतो!

पुढंही तेच. १९५९ च्या 'सुजाता'त अस्पृश्य पोरगी झाली नूतन. २००० साली बाबासाहेबांवर मोठा सिनेमा आला, जब्बार पटेलांचा, त्यात बाबासाहेब झाले केरळचे मामुट्टी. मामुट्टीनं काम जीव ओतून केलं, तक्रार नाही. पण ह्या एवढ्या मोठ्या देशात आमच्यातला एक चेहरा कॅमेऱ्यासमोर उभा करायची कोणाला कधी गरजच वाटली नाही.

आणि उभा राहिला त्याचं काय झालं? केरळातच जाऊ. तिथला पहिला मूकपट 'विगतकुमारन', जे. सी. डॅनियलनं काढलेला, १९२० च्या दशकाच्या शेवटाचा. त्यात नायिका झाली पी. के. रोझी, एक दलित बाई. पडद्यावर तिनं नायर बाईचं काम केलं. नायर बाई! थेटरातल्या सवर्णांनी पडद्यावर धोंडे मारले. तिचं घर जाळलं. ती पळून तामिळनाडूत गेली आणि नाव लपवून जगली. भारतीय सिनेमातला आमचा पहिला धोंडा हा असा, आमच्यावर आलेला. जब्यानं तो पंच्याऐंशीएक वर्षांनी परत केला. मला तरी फँड्रीचा शेवट असाच दिसतो.

'फँड्री' म्हणजे डुक्कर, कैकाडी बोलीत. जब्या कैकाड्याचा पोरगा. काळी चिमणी मारायची, जाळायची, तिची राख पोरीवर टाकायची, म्हणजे ती वश होते, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. हे त्याच्या डोक्यात घालतो सायकलदुकानवाला चंक्या, आणि चंक्याचं काम खुद्द नागराजनं केलं आहे. दिग्दर्शकानं स्वतःसाठी हिरोचं काम ठेवलं नाही. अर्धवट वेड्या, हरलेल्या माणसाचं ठेवलं. जब्या झाला सोमनाथ अवघडे, खरोखरी हलगी वाजवणारा पोरगा. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जब्याच्या बापाचं, कचरू मानेचं काम किशोर कदमांनी केलं. त्या बापाची मान पाहा. तिला सरळ होता येत नाही.

दोन जागा ध्यानात ठेवण्यासारख्या. सारं घर डुकरामागं धावतंय, डुक्कर हाताशी आलंय आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ. डुक्कर मात्र उभं राहत नाही, डुकराला देश नाही. ते निघून जातं. थेटरात लोक हसले. दुसरी जागा म्हणजे मारलेलं डुक्कर काठीला टांगून जब्या आणि त्याची बहीण शाळेच्या भिंतीवरून चालले आहेत, आणि भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. इथं कोणी हसलं नाही.

ह्या जागेबद्दल आपल्यातल्या काही पुढाऱ्यांनी कुरकूर केली की बाबासाहेब डुकरामागं का दाखवले? काहून नाही दाखवायचे? आपण भिंतीवर फोटो लावला, निळं तोरण बांधलं, आणि त्याच भिंतीला लागून कैकाड्याचं पोर डुक्कर वाहत राहिलं, हे खोटं आहे का? धोंडा इथंही येऊन पडतो, दोस्तहो.

आता एक गंमत ऐका. सरकारी यादीप्रमाणे कैकाडी आपल्या वर्धा, नागपूर, भंडारा, यवतमाळ, अमरावतीकडे अनुसूचित जात आहे. उरलेल्या महाराष्ट्रात, सोलापूर-नगरकडे, तीच जात विमुक्त. म्हणजे जब्या वडनेरात जन्मला असता तर कागदावर दलित, करमाळ्यात जन्मला म्हणून नाही. डुक्कर तेच, काठी तीच, 'फँड्री फँड्री' म्हणून चिडवणारी पोरंही तीच. वडार तर विमुक्तच. म्हणून आपल्यातले काही शहाणे विचारतात, "नागराज आपला होय का बे?" म्हणजे जातीचा दाखला दाखव आणि मग टाळी घे.

१९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित कोण याचा हिशेब मांडला होता. त्यात अनुसूचित जाती-जमाती होत्या, नवबौद्ध होते, कष्टकरी, भूमिहीन, बाया, धर्माच्या नावानं नागवले गेलेले सगळे होते. तो जाहीरनामा पोरं वाढदिवसाच्या बॅनरवर लावतात, वाचत नाहीत. आपल्याकडं बौद्धपुऱ्यात विहार पक्कं झालं, चांगलं झालं. पण वडार-कैकाड्यांची पालं पुऱ्याच्याही बाहेर असतात. वेशीबाहेर वेस. गावानं आपल्याला ढकललं, आपण त्यांना ढकललं. आपल्या लग्नात त्यांची पंगत कुठं बसते ते पाहा आणि मग जयभीम म्हणा. नागराजचा सिनेमा आपल्याला पचतो तो यासाठी की त्यातला पाटील वाईट आहे. आपणही त्या पडद्यात कुठंतरी उभे आहोत, हे पचत नाही.

मग आला 'सैराट'. २९ एप्रिल २०१६. शंभर कोटींच्या वर धंदा करणारा पहिला मराठी सिनेमा. अकलूजची शाळकरी पोरगी रिंकू राजगुरू बुलेटवर बसली, ट्रॅक्टर चालवत आली, आणि साऱ्या महाराष्ट्रात पोरींनी मान वर करून पाहिलं. हिरोईन म्हणजे गोरी, नाजूक, लाजरी, हे शंभर वर्षांचं थोतांड तिनं एका आठवड्यात मोडलं. ह्याचं मोल मी कमी करत नाही. पण 'झिंगाट'वर गणपतीत नाचले पाटलाचे पोट्टे, लग्नात नाचले, वरातीत नाचले. गाणं घरी नेलं, शेवट थेटरात सोडला.

शेवट म्हणजे काय? रक्तात भरलेली लेकराची पावलं. आणि त्याच्या कितीतरी आधी, कॉलेजच्या वर्गात, लोखंडे सर दलित कवितेवर शिकवत असतात आणि पाटलाचा पोरगा प्रिन्स त्यांच्या थोबाडीत मारतो. वर्ग गप्प. ही चपराक किती जणांना आठवते? मी पोरांना विचारून पाहतो, दहातल्या आठांना आठवत नाही. प्रिन्स झाला आहे सूरज पवार, जो 'पिस्तुल्या'त पारध्याचा पोर झाला होता. नागराजनं एकाच पोराला आधी शाळेबाहेर उभं केलं आणि मग मास्तरला मारणारा पाटलाचा वारस केलं. हा खेळ त्यानं जाणून केला की कसं, त्यालाच माहीत. पण मला ती त्याची सगळ्यात खोल खोडी वाटते. माज रक्तात नसतो, वाड्यात असतो. वाडा द्या, कोणीही प्रिन्स होतो.

सिनेमा अतिरंजित आहे असं तेव्हा मराठी घराघरांत बोललं गेलं. तारखा मांडून पाहा. फँड्री लागला १४ फेब्रुवारी २०१४ ला. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २८ एप्रिलला, अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात नितीन आगे ह्या सतरा वर्षांच्या दलित पोराला सवर्ण पोरीशी बोलतो म्हणून मारून झाडाला टांगलं. ज्या जिल्ह्यात नागराज कॅमेरा धरायला शिकला, त्याच जिल्ह्यात. जब्याच्या गोष्टीचा पुढचा भाग गावानं लिहिला. २०१७ च्या नोव्हेंबरात कोर्टात साक्षीदार उलटले आणि आरोपी सुटले. सैराट तर त्या खुनाच्या दुसऱ्या वर्षश्राद्धानंतर एका दिवसानं लागला. आणि लोक म्हणतात अतिरंजित! आपल्या विदर्भातल्या खैरलांजीला २००६ साली काय झालं, ते पडद्यावर जसंच्या तसं मांडलं तर ह्यांना काय म्हणायचं सुचेल?

बाजारानं पुढं काय केलं तेही पाहा. २०१८ साली करण जोहरच्या कंपनीनं सैराटचा हिंदी 'धडक' केला. उदयपूरचे महाल, नटनट्यांची पोरं, झिंगाट हिंदीत. जात? जात वगळली. एखादा शब्द इकडं-तिकडं, बाकी श्रीमंत पोरगी आणि गरीब पोरगा. माशातून काटा काढतात तशी जात काढली आणि मासा वाढला. नागराजच्या सिनेमातून जात काढली की उरतं काय? नाच. बाजाराला तेवढंच पाहिजे होतं.

आता 'झुंड'. ह्यावर आपल्या नागपूर-वर्ध्याकडे जास्त भांडणं झाली, कारण गोष्टच आपली. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे खेळशिक्षक विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलला लावलं, त्यावरचा सिनेमा. ४ मार्च २०२२ ला लागला. शिक्षक झाले अमिताभ बच्चन. आमच्या काही मित्रांचा आक्षेप असा की पुन्हा तारणहार मोठ्या घरचाच. आक्षेप खोटा नाही. पण हिंदी सिनेमाच्या सगळ्यात मोठ्या नटाला बाबासाहेबांच्या फोटोसमोर हात जोडून उभं करायला, पडद्यावर भीमजयंतीचा डीजे वाजवायला इतकी वर्षं कोणाची छाती झाली नव्हती. नागराजनं ते केलं. बच्चन तिकीट खिडकीसाठी आणले असतील, हरकत काय? बैलगाडी आपली असली तर बैल कोणाचे का असेनात. बैल गाडीवान झाला तर मात्र बोलावं लागतं, आणि 'झुंड'च्या काही भागात तसं झालं आहे. भाषणं लांबली आहेत. पोट्ट्यांना जेवढी जागा मिळायला पाहिजे तेवढी मिळाली नाही.

पण विमानतळाचा प्रसंग घ्या. डॉन नावाचा पोरगा तपासणीच्या दारातून जातो, दार वाजतं. पुन्हा जातो, पुन्हा वाजतं. त्याच्या अंगावर बस्तीचं पातं आहे. ते तो काढून टाकतो तेव्हा दार त्याला सोडतं. भाषण नाही, गाणं नाही. आपल्या साऱ्या पिढीचा चौकीवरचा अनुभव त्या दारात आहे. हा पोरगा अंकुश गेडाम, नागपूरच्या झोपडपट्टीतला. पदार्पणाचा फिल्मफेअर मिळवला त्यानं. आणि त्याच 'झुंड'मधल्या दुसऱ्या एका पोराचा २०२५ च्या ऑक्टोबरात नागपुरातच खून झाला. नागराजला ह्याचा दोष देणारे मूर्ख आहेत. पण सिनेमा संपतो, युनिटच्या गाड्या निघून जातात आणि पोरगा त्याच गल्लीत परततो. पडद्यावर विमान उडतं. गल्लीत पातं राहतं.

ह्याच नागपुरात आपला वीरा साथीदार होता. 'विद्रोही' मासिक चालवणारा, चळवळीत हाडं झिजवलेला माणूस. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्ये तो लोकशाहीर नारायण कांबळे झाला. २०१४ चा तो सिनेमा देशात सर्वोत्तम ठरला, ऑस्करला गेला. आणि वीरा पुन्हा नागपुरातल्या आपल्या कार्यकर्त्यांत, आपल्या पत्रकांत. १३ एप्रिल २०२१ ला, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, करोनानं गेला. नटाला बाजार असतो, कार्यकर्त्याला नसतो. नागराजला हे दोन्ही व्हायला सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. स्वतः एकही होत नाहीत.

नागराज नट म्हणून मला 'नाळ'मध्ये आवडतो. २०१८ चा सुधाकर रेड्डी यक्कंटीचा सिनेमा, विदर्भातलं नदीकाठचं गाव, आपल्याकडची बोली, आणि हा कमी बोलणारा बाप. २०१९ ला टीव्हीवर 'कोण होणार करोडपती' घेऊन बसला, तेव्हा बरा नव्हता वाटला. खुर्ची बच्चनची, प्रश्न कंपनीचे. पोटाची गोष्ट आहे, मी न्याय करायला बसलो नाही. पण त्या वर्षात एक 'फँड्री' झाला असता असं वाटतं, ते वाटणारच.

खरा मुद्दा पैशाचा आणि पडद्याचा आहे. सैराटचे शंभर कोटी दिले कोणी? शेतमजुरांच्या पोरांनी, कॉलेजच्या पोरींनी, ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून तालुक्याला गेलेल्या बायांनी. पैसा लावणारी आणि मोठा वाटा नेणारी कंपनी मात्र झी. थेटरं आपली नाहीत, वाहिन्या आपल्या नाहीत. नागराजची 'आटपाट' ही संस्था आहे, तिनं दुसऱ्यांचेही सिनेमे काढले. पण एक संस्था किती ओढणार? तामिळनाडूत पा. रंजितनं 'नीलम' उभी केली. तिनं मारी सेल्वराजचा 'परियेरुम पेरुमाल' काढला, आणखी नवे दिग्दर्शक उभे केले, साहित्य-संगीताचे मेळावे भरवले. तिथं एकामागं रांग उभी राहिली. आपल्याकडं एकाचा पुतळा उभा करायची घाई.

सेनेगलचा उस्मान सेम्बेन मार्सेच्या बंदरात हमाल होता. आधी कादंबऱ्या लिहिल्या. मग ध्यानात आलं, ज्यांच्यासाठी लिहितो त्यांना वाचता येत नाही. चाळिशीच्या घरात सिनेमा शिकला, आणि १९६३ ला गाडीवानावर पहिली छोटी फिल्म केली. नायजेरियात तर थेटरं मोडकळीला आली होती, फिल्मचा रीळ परवडत नव्हता. १९९२ साली केनेथ नेबुए ह्या कॅसेटच्या व्यापाऱ्यानं इग्बो भाषेत 'लिव्हिंग इन बॉन्डेज' साध्या व्हिडिओवर काढला आणि बाजारात कॅसेट म्हणून विकला. त्यातून आख्खा धंदा उभा राहिला, तिथले नटच पुढं दिग्दर्शक झाले. त्यातलं पुष्कळसं रद्दी असतं, जादूटोणा आणि बंगले. पण रद्दी काढायचा हक्कही फक्त मुंबईनंच का राखून ठेवायचा?

आपल्या पोरांच्या खिशात आज त्या नेबुएच्या कॅमेऱ्यापेक्षा चांगला कॅमेरा आहे. त्यावर पोट्टे काय काढतात? बुलेटचा धूर आणि वाढदिवसाची तलवार. भीमजयंतीच्या एका रात्रीच्या डीजेचं बिल कोणाला माहीत नसेल तर मंडळाच्या खजिनदाराला विचारा. तेवढ्यात चांगला माईक येतो, स्टँड येतो, एडिटिंगपुरता जुना कॉम्प्युटर येतो, आणि पडद्याला विहाराची पांढरी भिंत आहेच.

ह्या वर्षी वडनेरात डीजे एक तास कमी वाजवायचा आणि ते सामान घ्यायचं, असा विचार पुढं आला आहे. विरोधही आहे, मंडळात दोन तट पडले आहेत. पडू द्या. पण सामान आलं तर पहिलं शूटिंग बौद्धपुऱ्यात नको, विहाराच्या उद्घाटनाचं नको, कोणा साहेबाच्या सत्काराचं तर नकोच. पुऱ्याच्या बाहेर जिथं पालं पडतात तिथं जायचं, कॅमेरा तिथल्याच एखाद्या पोराच्या हातात द्यायचा, आणि त्यानं तो आपल्याकडं वळवला तर हलायचं नाही.